पाकिटावरचे ८५ टक्के: तंबाखूबाबत दिल्लीत निर्णय कसे होतात?

भीमाकाठ

सरकार आरोग्याचा एखादा प्रश्न कसा हाताळतं यावर या चर्चामंचावर बरेच वाद झालेत. पण बहुतेक वाद 'सरकारला पडलेलंच नाही' आणि 'सरकारने काय काय बघायचं' या दोन टोकांतच विरतात. म्हणून एकच प्रकरण धरून शेवटपर्यंत जावं असं मनात आहे. प्रकरण तंबाखूचं, त्यातही पाकिटावरच्या चित्राचं. विषय एवढासा वाटेल, पण दिल्लीत निर्णय कसा होतो, कुठे अडतो आणि कोणाच्या रेट्याने पुन्हा हलतो, हे यात फार स्वच्छ दिसतं.

सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा (सगळे 'कोटपा' म्हणतात) २००३ साली झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. कायद्यात चित्राची तरतूद होती, तिचे नियम २००६ मध्ये निघाले आणि मग तारखा पुढे ढकलण्याचा सपाटा सुरू झाला. विडीच्या पट्ट्यातले खासदार मंत्र्यांना भेटले, प्रणव मुखर्जींच्या अध्यक्षतेखाली मंत्रिगट नेमला गेला, २००७ मध्ये कायदाच दुरुस्त करून कवटी आणि हाडांचं चिन्ह ऐच्छिक करण्यात आलं. चित्रं आली ती ३१ मे २००९ ला, पुढच्या बाजूला ४० टक्के जागेत. खायच्या तंबाखूच्या पुडीवर काय होतं आठवतंय? विंचू! विंचवाचा आणि गालातल्या गाठीचा संबंध माणसाने कसा लावायचा?

मग १५ ऑक्टोबर २०१४. डॉ. हर्षवर्धन आरोग्यमंत्री असताना अधिसूचना निघाली: दोन्ही बाजूंना ८५ टक्के, त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर, १ एप्रिल २०१५ पासून लागू. पुढच्याच महिन्यात त्यांचं खातं बदललं. लोकसभेच्या दुय्यम विधान समितीने (मंत्रालयांनी कायद्याखाली केलेले नियम तपासणारी खासदारांची समिती) विषय हाती घेतला. समितीचे अध्यक्ष होते आपल्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. समितीचा विचार पूर्ण होईपर्यंत नियम थांबवा, असं त्यांनी सुचवलं आणि तंबाखूने कर्करोग होतो हे सांगणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतात असा अभ्यास झालेला नाही, असंही माध्यमांना सांगितलं. विडी उद्योगात असलेले एक खासदार समितीचे सदस्य होते. तारखेच्या तोंडावर नियम पुढे ढकलला गेला.

त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला आर. आर. आबा तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. महिना-दीड महिना झाला होता. सरकारच्याच तंबाखूविरोधी जाहिरातीत जिचा चेहरा होता त्या सुनीता तोमर यांनी, नियम पुढे ढकलू नका म्हणून पंतप्रधानांना पत्र लिहिलं. १ एप्रिलला, म्हणजे ज्या दिवशी ती चित्रं दुकानात यायची होती त्याच दिवशी, त्या वारल्या. वय २८.

आणि 'भारतात अभ्यास नाही' हे विधान बघा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासायला साठच्या दशकात सुरुवात केली होती. त्यातला महाराष्ट्रातल्या खेड्यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. तपासलेली माणसं किती? १ लाख १ हजार ७६१. पुढे मुंबईत जवळजवळ दीड लाख लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून मृत्यूंची नोंद ठेवली गेली. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू या विषयात भारताकडे जेवढी माहिती होती तेवढी जगात थोड्याच देशांकडे असेल. ती नगरच्या खासदाराच्या टेबलापर्यंत पोचली नव्हती, किंवा पोचूनही तिचं वजन पडलं नाही.

पुढचं थोडक्यात. राजस्थान उच्च न्यायालयाने स्थगितीलाच स्थगिती दिली, केंद्राने १ एप्रिल २०१६ ही नवी तारीख दिली. समितीचा अहवाल आला तो ८५ ऐवजी ५० टक्के करा म्हणून. सिगारेट कंपन्यांनी काही काळ कारखाने बंद ठेवले. ४ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नियम पाळा. १५ डिसेंबर २०१७ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द केले, ८ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणून आज पाकिटावर ८५ टक्के आहे. चित्रांच्या आकारात २०१४ मध्ये १३६ वा असलेला देश २०१६ मध्ये तिसरा झाला.

माझा प्रश्न हा आहे: माहिती होती, कायदा होता, आंतरराष्ट्रीय करार होता, आरोग्यमंत्र्यांची सही होती. मग नेमकं काय नव्हतं? या क्षेत्रातल्या लोकांनी लिहावं.

वऱ्हाडी_दंतवैद्य

धागा काढल्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी दवाखान्यात रोज जे बघतो ते लिहितो.

आमच्याकडे पाकीट हा प्रश्नच नाही. इकडे खर्रा चालतो. टपरीवर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून लाकडी पाटीवर खसाखसा घासतात, तिथेच गाठ मारून हातात देतात. त्या पन्नीवर कोणाचं नाव नाही, चित्र नाही, ८५ टक्के नाही की ८ टक्के नाही. मावा तसाच. मिसरी तर बाई घरीच तव्यावर भाजते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे त्यात ३.८ टक्के, खाणारे-लावणारे २४.४. म्हणजे दिल्लीत दहा वर्षं ज्या पाकिटावर भांडण चाललं ते पाकीट आपल्या राज्यातल्या कितीतरी लोकांच्या हातातच येत नाही.

माझ्याकडे विशीतली मुलं येतात. तक्रार काय, तर 'तिखट लागत नाही, तोंड जळते'. तोंड उघडायला सांगावं तर उभी तीन बोटं जायला पाहिजेत तिथे एक जात नाही. गाल आतून पांढरट, ताठ, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात याला. तो उलटत नाही, आणि त्यातल्या काहींचं पुढे कर्करोगात रूपांतर होतं. याचं मूळ सुपारीत आहे. तंबाखू नसली तरी सुपारी कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितलं. पण सुपारीचा विषय कोटपात येत नाही. ती 'अन्न'. तिचं खातं वेगळं, कायदा वेगळा, अधिकारी वेगळा.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने राज्य सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालवलंय. गाव एकत्र बसून ठराव करतं की इथे खर्रा विकायचा नाही आणि बाया तो अमलात आणतात. माझ्या मते इकडे त्याचा उपयोग चित्रापेक्षा जास्त आहे. चित्र नको असं मी म्हणत नाही. पण चित्राची लढाई जिंकली म्हणजे तंबाखूची जिंकली, असं दिल्लीने समजू नये.

मुक्तछंद

थोडा वेगळा मुद्दा. प्रौढ माणूस स्वतःच्या पैशाने, सगळं माहीत असून तंबाखू घेतो. त्याच्या पाकिटावर सडलेला गाल छापून सरकारने काय साधलं? आणि तो करही भरतोच की. सरकारने शाळेत शिकवावं, दवाखाने चांगले करावेत, बाकी ज्याचं त्याच्यावर सोडावं. सरकार एकदा 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून घरात शिरलं की ते कुठे थांबणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

भीमाकाठ

मुक्तछंद, काळजी रास्त आहे आणि ती सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक नियमाला लावून बघावी. पण दोन गोष्टी बघा. कर भरून हिशेब फिटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात २०१७-१८ या वर्षात तंबाखूमुळे देशाचा आर्थिक बोजा १ लाख ७७ हजार कोटींच्या वर काढला आहे, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त. आणि देशात वर्षाला १३ लाखांच्या आसपास माणसं यात जातात. दुसरं, 'सगळं माहीत असून' हे गृहीतच बरोबर नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र हीच माहिती आहे. तंबाखू घेणाऱ्यांत असे लोक भरपूर आहेत. चित्र बघूनही घ्यायची तर तो घेऊ शकतो, त्याला कोणी अडवलेलं नाही.

जुना_मसुदा

दिल्लीत एका मंत्रालयात (आरोग्य नव्हे) नोकरी झाली आहे, म्हणून फाईल कशी चालते ते सांगतो. भीमाकाठांच्या 'नेमकं काय नव्हतं' या प्रश्नाला थोडं उत्तर त्यात आहे.

केंद्र सरकार हे एक घर नाही. आरोग्य मंत्रालय तंबाखू कमी व्हावी म्हणून काम करतं. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत तंबाखू मंडळ आहे, १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेलं, मुख्यालय गुंटूर, काम तंबाखूची लागवड आणि निर्यात सांभाळण्याचं. कृषी संशोधन परिषदेने राजमहेंद्रीला तंबाखूवर संशोधन करणारी संस्था कित्येक दशकं चालवली. श्रम मंत्रालयाकडे विडी कामगार. अर्थ मंत्रालयाला महसूल हवा. एलआयसीचा सिगारेट कंपनीत मोठा हिस्सा आहे, त्यावर मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली. हे सगळे आपापल्या जागी प्रामाणिकपणे आपापलं काम करत असतात. सचिव मसुदा पाठवतात, प्रत्येक मंत्रालय शेरा मारतं. आरोग्य मंत्रालयाला या शेऱ्यांवर मात करायची तर वरून कोणीतरी ठाम उभं राहावं लागतं. नाहीतर 'अधिक विचारविनिमयासाठी' असा शेरा पडतो आणि वर्ष जातं.

आता कर्नाटक उच्च न्यायालयाने काय धरलं ते बघा. व्यापाराच्या हक्काचा मुद्दा होताच, पण आरोग्य मंत्रालयाने इतर मंत्रालयांना सोबत न घेता एकट्याने हे नियम केले, हाही एक आक्षेप होता. मला हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने अगदीच टाकाऊ वाटत नाही. सगळ्यांना विचारत बसावं तर नियम कधी निघत नाही, आणि एकट्याने काढावा तर न्यायालयात टिकत नाही. या पेचातून बाहेर काढायला मंत्रिमंडळाचा निर्णय हवा असतो. तो घ्यायला कोणी पुढे आलं नाही. म्हणून न्यायालयाने तारखा ठरवल्या.

दुय्यम विधान समितीबद्दलही एक. ती समिती वाईट नाही, उलट फार गरजेची आहे. मंत्रालयं नियमांच्या आडून कायद्याच्या पलीकडे जातात का, हे बघणं तिचं काम. पण वैद्यकीय पुरावा तपासायची तिच्याकडे यंत्रणा नाही. तिने तो प्रश्न तज्ज्ञांकडे सोपवायला हवा होता, आणि ज्या सदस्याचा धंदाच त्या विषयात आहे त्याने बाजूला बसायला हवं होतं. तंबाखू नियंत्रण कराराचं कलम ५.३ हेच सांगतं: धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाचे हितसंबंध दूर ठेवा. सही आपण केली आहे.

पूर्वभाग

मी सोलापूरची, पूर्व भागातली. माझी आई विड्या वळते. आजीही वळायची. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. डॉक्टरदादांचा प्रतिसाद वाचून पोटात कालवलं, कारण आमच्या गल्लीतही असे गेलेत. पण विडी कामगार हा शब्द या चर्चेत सगळीकडे येतो आणि विडी कामगार कुठेच येत नाही, म्हणून लिहितेय.

पानं रात्री भिजत घालायची. सकाळी फडक्यात गुंडाळून मऊ झाली की पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. सूप मांडीवर, सुपात तंबाखू. चिमूट घ्यायची, वळायची, टोक दुमडायचं, दोरा. बोलता बोलता, टीव्ही बघता बघता, नातवंडाला मांडीशी घेऊन. मजुरी हजारावर. कारखान्यात द्यायला गेलं की चेकर हात फिरवतो आणि छाट काढतो. छाट विडीचे पैसे नाहीत, पण ती विडी परतही मिळत नाही. पानं कमी भरली तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची. खोकला घरोघरी आहे. आईचा उजवा अंगठा सरळ होत नाही.

आता ८५ टक्क्यांचं. २०१५-१६ ला इथे मोर्चे निघाले. कारखाने बंद झाले की बायका रस्त्यावर येतातच, कारण आठवड्याचा पगार थांबतो. फोटोत दिसतात त्या बायका. बातमीत येतं 'विडी कामगारांचा चित्राला विरोध'. आईला मी विचारलं होतं, तुझा चित्राला विरोध आहे का? म्हणाली, "चित्र काय का असेना, काम द्या नाहीतर दुसरं काम द्या." हे 'दुसरं काम द्या' कोणाच्याच अहवालात आलं नाही. समितीने आमचं नाव घेऊन ५० टक्के मागितले. आरोग्यवाल्यांनी आमचं नाव टाळलं. आमचे कामगार नेते कॉम्रेड आडम मास्तर यांनी लढून हजारो विडी कामगार बायकांना सोलापूरजवळच्या कुंभारीत घरं मिळवून दिली, ती आमच्या माहितीतली एकमेव मोठी गोष्ट. ती कुठल्या आरोग्य धोरणातून आलेली नाही.

पूर्वी विडीवर कल्याण उपकर होता. त्यातून दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती चालायची. मी स्वतः त्या शिष्यवृत्तीवर शिकले. जीएसटी आल्यावर तो उपकर राहिला नाही. शिष्यवृत्ती सरकार देतं, पण आमच्या हक्काचा वेगळा पैसा गेला. त्यावर कोणी समिती बसवली नाही.

निपाणीकर

पूर्वभाग ताई, तुमच्या आईंनी एका वाक्यात सांगितलं ते धोरण आहे. आता शेताच्या बाजूने.

निपाणी कर्नाटकात असली तरी आमचं बोलणं, बाजार, पाहुणेरावळे सगळं मराठी. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी भावासाठी महामार्गावर बसले आणि गोळीबारात माणसं गेली. व्यापारी 'चिठ्ठीवर' माल न्यायचा आणि पैसे कधी देईल ते त्याच्या मर्जीवर. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात भुकटी जायची, त्यांची वेगळी संघटना उभी राहिली.

जुना_मसुदा साहेबांनी तंबाखू मंडळाचं लिहिलं, त्यात एक भर घालतो. ते मंडळ व्हर्जिनिया तंबाखूचं. आंध्र आणि म्हैसूर बाजूच्या शेतकऱ्याला लिलावाची जागा, नोंदणी मिळते. विडीच्या तंबाखूला मंडळ नाही. म्हणजे सरकारने सिगारेटच्या तंबाखूला बाजार दिला आणि विडीच्या तंबाखूला व्यापाऱ्याच्या हवाली केलं. पण दिल्लीत चित्राला विरोध करायचा झाला की पुढे कोणाला करतात? विडीवाल्या गरिबाला. मागे उभे कोण राहतात ते बघा.

आणि आमच्याकडे तंबाखू कमी झाली ती कशाने? वेदगंगा-दूधगंगेला धरणाचं पाणी आलं, तिथे ऊस आला. जिथे पाणी पोचलं नाही त्या माळाला अजून तंबाखूच. कोरडवाहू जमिनीत, कमी पाण्यावर, एवढा पैसा देणारं दुसरं पीक दाखवा, आम्ही आजच सोडतो. सोयाबीन आलंय, पण त्याचा भाव बघताय ना. आरोग्य मंत्रालयाच्या फाईलमध्ये पाटाचं पाणी नसतं.

भीमाकाठ

ताई आणि निपाणीकर, तुमच्या प्रतिसादांनंतर मूळ प्रश्नाचं उत्तर मला बरंच स्पष्ट दिसतंय, ते मांडतो. पटलं नाही तर खोडा.

२००६ पासून आरोग्य मंत्रालयाने हा विषय पाकिटाचा विषय म्हणून चालवला. चित्र किती मोठं, कुठल्या बाजूला, किती महिन्यांनी बदलायचं. ते काम चांगलं झालं, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण ज्यांची रोजीरोटी यात आहे त्यांच्यासाठी त्या नियमासोबत एकही ठोस गोष्ट पुढे ठेवली गेली नाही. श्रम मंत्रालयाने विडी कामगारांना दुसरं कौशल्य शिकवण्याचे प्रयोग केले, पण ते इतके तुटपुंजे की सोलापूरच्या गल्लीत कोणाला त्याचा पत्ता नाही. परिणाम काय झाला? त्या बायकांचं नाव मोकळं राहिलं, आणि ज्यांना चित्र नको होतं त्यांनी ते उचललं. सिगारेटचा धंदा विडी कामगाराच्या पदराआड उभा राहिला. आरोग्य मंत्रालयाने २००६ मध्येच 'चित्र येणार, आणि त्याबरोबर या पाच जिल्ह्यांत कामगारांसाठी हे काम येणार' असं म्हटलं असतं, तर पूर्वभाग ताईंच्या आई मोर्चात चित्राच्या विरोधात मोजल्या गेल्या नसत्या.

आणि हीच चूक करात चाललीय. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं. कारण पुन्हा तेच, कामगाराचं हित. विडी स्वस्त राहील, फुप्फुसं गरिबाचीच जातील, आणि ज्या बाईचं नाव घेतलं तिच्या हजारी मजुरीत त्या निर्णयाने आपोआप काही वाढत नाही. मजुरी वाढवायची तर ती थेट वाढवता येते. किमान वेतन ठरवायचा अधिकार सरकारकडे आहे, तो कर कमी करण्याच्या आड लपवायची गरज नाही.

पूर्वभाग

दादा, किमान वेतन कागदावर आहेच. इथे ते मिळत नाही हाच तर जुना झगडा आहे. पण बाकी पटलं. कर कमी झाल्याचं आम्हाला टीव्हीवरूनच कळलं, कारखान्यात कोणी काही बोललं नाही.

उदगीर_किराणा

गुटखाबंदीवर कोणीच लिहिलं नाही. मी किराणा दुकान चालवतो, गुटखा ठेवत नाही, म्हणून शेजारी काय चालतं ते दिसतं.

महाराष्ट्राने २००२ ला बंदी घातली होती, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, राज्याला तो अधिकारच नाही म्हणून. मग २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत केंद्राने एक ओळ घातली की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटिन घालता येणार नाही. त्या एका ओळीवर २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने सुरुवात केली आणि जुलैत आपण गुटखा आणि पानमसाला दोन्ही बंद केले. ती एक ओळ मला आजवरचं सगळ्यात कामाचं आरोग्य धोरण वाटतं. पण केंद्राने पुढचं पाऊल टाकलं नाही. बंदी राज्यांवर सोडली. ती वर्षाच्या मुदतीची, दरवर्षी नव्याने काढायची. काही राज्यांत पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही कायदेशीर; गिऱ्हाईक तोंडात एकत्र करतं. इथून सीमा जवळ. माल रात्रीत येतो, दुप्पट-तिप्पट भावाने जातो. तमिळनाडूची बंदी मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रद्द केली, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दहा वर्षांनंतरही बंदीचा पाया स्थगितीवर उभा आहे.

ई-सिगारेट मात्र बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश, डिसेंबरात कायदा, देशभर बंद. तिथे ना शेतकरी, ना कामगार, ना मोठा कर. तीन महिन्यांत झालं.

यारा_काठचा

मेलबर्नहून. आमच्याकडे डिसेंबर २०१२ पासून पाकिटावर कंपनीचा रंगही नाही, चिन्हही नाही. सगळी पाकिटं मळकट हिरवट-तपकिरी, त्यावर भलं मोठं चित्र. कर एवढा की पाकीट ४० डॉलरच्या वर. धूम्रपान खूप कमी झालं, यात शंका नाही. पण गेल्या काही वर्षांत चोरटा माल इतका वाढलाय की इथे तंबाखूच्या दुकानांना आगी लावण्याचे प्रकार सारखे घडतायत, टोळ्यांची भांडणं. उदगीरच्या दादांनी लिहिलेलं वाचून तेच आठवलं. कर आणि बंदी वाढवताना तपासणीची माणसं वाढली नाहीत तर मधली जागा कोणीतरी भरतंच. कर कमी करा असं मी म्हणणार नाही. तपासणीचा पैसा त्याच करातून बाजूला काढून ठेवा, एवढंच.

मुक्तछंद

बहुतेक मुद्द्यांवर माझं मत कायम आहे, पण वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र ही माहिती आहे हा मुद्दा मी मान्य करतो. आणि ई-सिगारेटची तीन महिन्यांतली बंदी विरुद्ध चित्राची बारा वर्षं, ही तुलना मला जास्त अस्वस्थ करते. जिथे विरोध करणारा तगडा नसतो तिथे सरकार झटपट बंदी घालतं आणि जिथे असतो तिथे टक्केवारी मोजत बसतं, असा त्याचा अर्थ होतो.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धोरणाचं सगळं वाचलं, माझा प्रश्न अगदी साधा आहे. शाळेच्या फाटकासमोर टपरी आहे. मुलं मधल्या सुट्टीत पुड्या आणतात. आम्ही शाळा तंबाखूमुक्त जाहीर केली, पिवळी रेष मारली, फलक लावला. टपरी तिथेच आहे. सुटी सिगारेट विकायला राज्याने २०२० मध्ये बंदी केली म्हणतात, ती तिथे सर्रास मिळते. गावात वैर नको म्हणून सरपंच हात घालत नाहीत. काय करता येईल?

जुना_मसुदा

ताई, क्रमाने सांगतो.

कोटपाचं कलम ६: शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला बंदी. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, आणि अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याच्या वळणाने नव्हे. टेप धरून मोजा आणि दोन शिक्षकांच्या सह्यांनी कागद करा. दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच आहे. २००३ चा आकडा, अजून तोच. २०२१ च्या जानेवारीत केंद्राने दंड वाढवणारा, वय २१ करणारा आणि सुट्या सिगारेटवर देशभर बंदी आणणारा दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्याचा कायदा झाला नाही.

म्हणून कलम ६ वर एकट्यावर थांबू नका. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७: मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रारीत हे कलम स्पष्ट लिहा, पोलीस ठाण्यात कागद वेगळ्या नजरेने बघितला जातो. पुडीत गुटखा किंवा पानमसाला असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला तिसरी प्रत.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात तंबाखू नियंत्रण कक्ष असतो. तिथल्या सल्लागाराला गाठा, त्यांना पोलिसांबरोबर तपासणी मोहीम काढता येते. सरपंचांचं नाव कुठे घेऊ नका, अर्ज मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने जाऊ द्या, म्हणजे वैर एका माणसाशी होत नाही. शाळेच्या आवारात कोणी विडी-सिगारेट ओढली तर दंडाचा अधिकार मुख्याध्यापकांनाच आहे, त्याची पावती पुस्तिका कक्षाकडे मागा.

मोठ्या मुलांपैकी कोणाला सवय लागली असेल तर १८००-११-२३५६ हा सोडवणुकीचा फुकट नंबर आहे, पाकिटावर छापलेला असतो. पण फोन एकट्याने करायला मुलं धजत नाहीत. तुम्ही शेजारी बसून लावून द्या.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. महिनाभरात हालचाल झाली नाही तर इथेच लिहा, माहिती अधिकाराचा मसुदा मी करून देतो.